शेततळ्यात, बोडीत मासे पाळायचेत? किसान क्रेडिट कार्डाचे कागद असे जुळवा

दिवाळीला सोयाबीन विकले, संक्रांतीपर्यंत कापसाचे वेचे झाले, मागोमाग तूर निघाली. त्यानंतर मृगापर्यंत नागपूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू घरात पैसा कुठून येतो? बहुतेक घरांत येतच नाही. मौदा, कुही, रामटेककडच्या धानपट्ट्यात तांदूळ तरी घरचा किंवा रेशनचा असतो, पण मार्च लागला की वरण पातळ होत जाते. शेतात बोडी (शेतातले छोटे तळे) किंवा शेततळे असेल तर मासे काढायचे दिवसही हेच. थोडे बाजारात जातात, थोडे घरच्या रश्शात. अडचण एवढीच की बोटुकली (तळ्यात सोडायची माशांची पिल्ले) आणि खाद्याचे पैसे ऑगस्टमध्ये लागतात, म्हणजे ऐन निंदण-फवारणीच्या खर्चात. ते सावकाराकडून उचलले तर माशांची सगळी कमाई व्याजातच जाते.

किसान क्रेडिट कार्ड (केसीसी) इथे कामाला येते. ते फक्त पीककर्जापुरते नाही. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ही सोय पशुपालन आणि मत्स्यपालनालाही जाहीर झाली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना तशा सूचना दिल्या. राज्य सरकारनेही एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. तरी एखाद्या शाखेत ‘माशांना केसीसी नसते’ असे ऐकू येईल. वाद घालू नका, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पात्रतेची अट सोपी आहे. तळे, बोडी, तलाव किंवा बीज संगोपनाची जागा स्वतःची हवी किंवा भाड्याने घेतलेली हवी, आणि जिथे परवाना लागतो तिथे तो हवा. एकट्याने अर्ज करता येतो. ठेक्याने तळे करणाऱ्यांना, बचत गटाला आणि संयुक्त देयता गटालाही (मिळून कर्ज घेऊन ते फेडायची जबाबदारीही मिळून घेणारा गट) करता येतो. मालकीच नसेल तर काही होणार नाही, हा समज काढून टाका.

कर्ज खेळत्या भांडवलासाठी आहे: बोटुकली, खाद्य, चुना, खत, वीज किंवा डिझेल, मजुरी, तळ्याचे भाडे, मासे काढण्याचा आणि विकण्याचा खर्च. तळे खोदणे यात बसत नाही. त्यासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर वैयक्तिक शेततळ्याचा वेगळा अर्ज आहे, ७५ हजारांपर्यंत अनुदान मिळते आणि शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तिथे पूर्वसंमती हातात आल्याशिवाय जेसीबी बोलावू नका.

मत्स्यपालनासाठी २ लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज ७ टक्के, आणि मुदतीत फेडले तर ३ टक्के सूट. म्हणजे लाखभर रुपये वर्षभर वापरले तर ७ हजारांऐवजी ४ हजार. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण लागत नाही. पण २ लाख ही वरची मर्यादा झाली, हक्काची रक्कम नव्हे. हेक्टरी किती द्यायचे ते जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते आणि तुमच्या पाण्याच्या क्षेत्राने त्याला गुणले जाते. ३० बाय ३० मीटरचे शेततळे म्हणजे ९ आर. रोहू, कटला, मृगळ एकत्र पाळताना हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली सोडतात, त्या हिशेबाने तुमच्या तळ्याला साडेचारशे ते नऊशे पुरतात. अर्जात ५ हजार बोटुकलीचा खर्च लिहाल तर तपासणीला आलेला अधिकारी पहिली शंका तिथेच घेईल. थाई मांगूर हा मासा तर लिहूच नका, त्यावर देशात बंदी आहे.

आता कागद. एक पानी अर्ज शाखेत मिळतो. सोबत आधार, पॅन, फोटो, सातबारा, आठ-अ, तळ्याचा पुरावा किंवा भाडेकरार, आणि इतर बँकांत काय देणे आहे त्याचे स्वयंघोषणापत्र. ‘तळ्याचा पुरावा’ हे दोन शब्द दिसायला साधे, पण घोडे इथेच अडते. आमच्या भावकीतल्या एकाचा अर्ज एका बँकेने परत केला. कारण काय, तर सातबाऱ्यावर तळे दिसत नाही. तो म्हणाला, ‘साहेब, चला, दाखवतो. म्हशी बसल्या आहेत त्यात.’ साहेब काही आले नाहीत. मग त्याने तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) खेटे घालून सातबाऱ्यावर नोंद करून घेतली, कृषी कार्यालयातून शेततळे पूर्ण झाल्याचा कागद काढला, धुऱ्यावर उभे राहून पाण्यासकट फोटो काढला आणि तोच अर्ज पुन्हा दिला. या वेळी मंजूर झाला. तुम्ही हे तीन कागद आधीच जोडा, महिना वाचेल. फोटो भरल्या तळ्याचा हवा, मे महिन्यातला नको.

अर्ज पूर्ण असेल तर बँकेने दोन आठवड्यांत निर्णय द्यावा, असा नियम आहे. ३ लाखांपर्यंत प्रक्रिया आणि तपासणी शुल्कही माफ आहे. कोणी ‘फाइल चार्ज’ मागितला तर पावती मागा, बहुतेक वेळा मागणीच विरते.

जमीन नसलेल्या ढीवर, भोई, कहार कुटुंबांची वाट थोडी वेगळी आहे. गावचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल तर संस्थेचा सभासद दाखला आणि ठेक्याच्या कराराची प्रत हेच तुमचे ‘सातबारा’. चार ते दहा जणांचा संयुक्त देयता गट करून अर्ज दिला तर सोपे जाते. ठेक्याची मुदत किती उरली आहे ते मात्र आधी बघा. सहा महिन्यांत संपणाऱ्या ठेक्यावर बँक वर्षाचे कर्ज द्यायला कचरते, आणि यात तिचे फारसे चुकते असेही नाही.

राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंच या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरची नोंदणीही याच फेरीत करून टाका, सेवा केंद्रात होते. मत्स्यपालनाच्या विम्याच्या हप्त्यावर ४० टक्के प्रोत्साहन मिळते, त्याला ही नोंदणी लागते. महिला, अनुसूचित जाती व जमातींना त्या प्रोत्साहनाच्या रकमेवर आणखी १० टक्के.

कार्डावर सही करण्याआधी परतफेडीची तारीख वाचा. पीककर्जाच्या सवयीने ३१ मार्च टाकलेली असते. तुमचे मासे एप्रिलमध्ये निघणार असतील तर तारीख माशांच्या विक्रीनुसार लावा, असे अर्जातच लिहून द्या. नियमात ती सोय आहे. नाहीतर पंधरा दिवसांच्या उशिरापायी ३ टक्क्यांची सूट हातची जाते.