जुने स्पोक, नवी रिम

मागच्या कॅरिअरवर युरियाचे पोते आणि खाली पांदणीतला खोल खड्डा असा योग जुळला, की सायकलीची रिम चेपते, पण हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, आणि त्याला रिमशी जोडणाऱ्या तारा, म्हणजे स्पोक, बहुतेक वेळा शाबूत राहतात. विदर्भातल्या खेड्यांत ही नित्याची गोष्ट आहे. अशा वेळी जुनेच स्पोक नव्या रिमला लावावेत की सगळेच नवे घ्यावेत, हा निर्णय अनेकदा त्यांच्या चकाकीवरून घेतला जातो, पण चकाकीवरून फारसे काही कळत नाही. त्या चाकातले स्पोक यापूर्वी कधी तुटले का, आणि तुटले तर नेमके कुठे, ही चौकशी अधिक उपयोगाची ठरते.

सायकलीचा स्पोक खांबासारखा भार पेलत नाही. तो ताणलेली तार म्हणून काम करतो. चाक फिरताना जो स्पोक तळाशी येतो त्याचा ताण कमी होतो आणि वर जाताना पूर्ववत होतो. 28 इंची चाकाचा परीघ साधारण 2.2 मीटर असतो, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे 450 फेरे होतात. रोज दहा किलोमीटर शेत-शाळा-बाजार केले, तर वर्षातल्या 300 दिवसांत प्रत्येक स्पोकचा ताण साडेतेरा लाख वेळा कमी-जास्त होतो. एकदा ओढून तुटणार नाही असा धातूही लहान भाराच्या असंख्य आवर्तनांनी तुटू शकतो, हे जर्मन अभियंते ऑगस्ट वोलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

थकवा स्पोकला दोन ठिकाणी गाठतो: हबच्या छिद्राजवळच्या बाकावर आणि निपलमध्ये, म्हणजे रिमजवळ स्पोक कसणाऱ्या छोट्या नळीसारख्या नटमध्ये, शिरणाऱ्या पहिल्या आट्यावर. अपघात नसताना काही महिन्यांत दोन-तीन स्पोक बाकावरच तुटले असतील, तर उरलेलेही तितकेच फिरलेले आणि बहुधा एकाच तारेचे असतात; त्यांच्यावर नवी रिम चढवणे म्हणजे मजुरी वाया घालवणे होय. याउलट चाकात काठी अडकून किंवा चेन उतरून स्पोक मधेच तुटला असेल, तर तो दोष बाहेरचा आहे. तेवढे खरचटलेले स्पोक बदलून बाकीचे खुशाल वापरावेत. किंबहुना, असे जुने स्पोक मला नव्यांपेक्षा बरे वाटतात, कारण त्यांचा बाक हबच्या छिद्रात आधीच नीट बसलेला असतो.

हा फायदा टिकवायचा तर प्रत्येक स्पोक मूळ छिद्रातच राहायला हवा. डोके आतल्या बाजूला असलेल्या आणि बाहेरच्या बाजूला असलेल्या स्पोकचा बाक वेगवेगळा बसलेला असतो, म्हणून त्यांची सरमिसळ करू नये. सोपी रीत अशी, की नवी रिम जुन्या रिमला खेटून चिकटपट्टीने बांधावी, व्हॉल्व्हची छिद्रे समोरासमोर ठेवावीत आणि एकेक स्पोक सरकवत न्यावा. जुन्या काळ्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असण्याची पद्धत आहे, त्यामुळे रिम घेताना आधी छिद्रे मोजावीत. शिवाय दोन्ही रिमांचा निपल टेकण्याच्या जागेचा व्यास जवळजवळ सारखा हवा. व्यास 4 मिलिमीटरने वाढला, तर प्रत्येक स्पोक 2 मिलिमीटर आखूड पडतो. ही तूट किरकोळ नाही: निपलच्या एका पूर्ण फेऱ्याने तार जेमतेम 0.45 मिलिमीटर ओढली जाते, आणि 2 मिलिमीटर जाडीचा, 300 मिलिमीटर लांबीचा स्पोक 100 किलोच्या ताणाखाली फक्त अर्धा मिलिमीटर ताणतो.

नवे घ्यायचेच झाले, तर गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे लक्षात ठेवावे: 14 गेज म्हणजे 2 मिलिमीटर, 15 गेज म्हणजे 1.8. जाड तार अधिक टिकते हा समज अर्धाच खरा आहे. मधे बारीक केलेला स्पोक त्याच ताणाला जास्त लांबतो, त्यामुळे तळाशी येतानाही तो एकदम सैल पडत नाही.

निपलच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. पान्याने कडा झिजलेला निपल पुढच्या वेळी आऊट काढताना, म्हणजे चाकाचा वाकडेपणा सरळ करताना, हमखास निसटतो. त्यात पितळेची एक खोड आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या पावसाळ्यात आपोआप तडकत. त्यामागे जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि धातूत दडलेला ताण होता, हे 1921 मध्ये स्पष्ट झाले. निपलही पितळी आणि सतत ताणाखाली असतो. वर निकेलचा मुलामा असला तरी तो घासला जातो. सायकल पावसाळाभर गोठ्यात उभी राहत असेल, तर निपलवर बारीक चिरा आहेत का, हे भिंगातून पाहून घ्यावे.

आट्यांना लावायला जवसाचे तेल उत्तम, आणि ते आपल्याकडे दुर्मीळही नाही. ओले असताना ते निपल सहज फिरू देते. पुढे हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होऊन निपल सैल होण्यास अटकाव करते. ताण पुरेसा आल्यावर एकाच बाजूचे जवळपास समांतर असलेले दोन-दोन स्पोक मुठीत धरून जोरात दाबावेत, म्हणजे बाकाजवळ राहिलेला आतला ताण निघून जातो, आणि त्यानंतरच शेवटचा आऊट काढावा.