पानभर दिलं, दहा ओळी परत आल्या, मग पैसे पूर्ण का?

(इंग्रजी पत्र, ईमेल, अर्ज करून घ्यायला येणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

हा प्रश्न आठवड्यातनं दोनदा तरी येतोच. कुणी हसत विचारतं, कुणी चिडून. बरोबरच आहे म्हणा, रात्री जागून दोन पानं इंग्रजी लिहून आणायचं आणि आमच्याकडनं हातात पडायच्या दहा ओळी, वर बिल. काउंटरवर प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदा छापूनच ठेवू.

आधी आमचंच पाप सांगतो. वडिलांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, गोदरेजच्या मशिनी, सकाळी पोरं तीस-चाळीस स्पीडच्या परीक्षेची प्रॅक्टिस करायची आणि दुपारी जॉब वर्क, त्याचा रेट पानावर. आता पानावर रेट म्हटल्यावर पत्र लांबलेलं कुणाला नको असतंय? ‘विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन’ने सुरुवात आणि ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ने शेवट, मधे काही नसलं तरी पाऊण पान भरायचं, गिऱ्हाईकही खूष, पत्र कसं वजनदार दिसतंय. म्हणजे ही सवय लावण्यात आमच्या धंद्याचाही हात आहे. आता पैसे आम्ही पानावर घेत नाही, कामाप्रमाणे घेतो. त्यामुळे लांब लिहून आमचा काही फायदा नाही आणि छोटं करण्यात वेळ मात्र डबल जातो.

वेळ कशात जातो ते बघा. हळदीचे एक व्यापारी अमेरिकेतल्या बायरला पाठवायचा ईमेल घेऊन आले. त्यातलं मेन वाक्य असं होतं: ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह मेन्शन्ड सब्जेक्ट, आय वुड लाईक टू इन्फॉर्म यू दॅट ड्यू टू द फॅक्ट दॅट देअर वॉज हेवी रेन, द मटेरियल कुड नॉट बी डिस्पॅच्ड इन टाईम अँड द सेम विल बी डिस्पॅच्ड शॉर्टली.’ ३८ शब्द. व्याकरणाची चूक एक नाही. आम्ही कापायला बसलो, ‘विथ रेफरन्स’ गेलं कारण सब्जेक्ट वर दिसतोच आहे, ‘आय वुड लाईक टू इन्फॉर्म यू’ गेलं कारण तुम्ही सांगताय हे समोरच्याला कळतंय की, ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ म्हणजे नुसतं ‘बिकॉज’, ‘मटेरियल’ म्हणजे हळद, मग हळदच म्हणा. असं करत करत शेवटाला आलो आणि ‘शॉर्टली’पाशी अडलो. शॉर्टली म्हणजे कधी? बायरला अख्ख्या ईमेलमधे हेच पाहिजे होतं आणि नेमकं तेच त्यात नव्हतं. फोन लावला तर साहेब म्हणाले, अजून ट्रकवाल्याला विचारलंच नाही! विचारलं त्यांनी, मग ईमेल असा गेला: ‘हेवी रेन डिलेड युवर टर्मरिक. इट लीव्हज सांगली ऑन मंडे, १४ जुलै.’ १२ शब्द.

तर पैसे त्या फोनचे आहेत. फापटपसारा निघाला की खाली काय ठरलेलं नाही ते उघडं पडतं, आणि ते तुम्हाला विचारून भरणं हेच आमचं काम. म्हणून आमचा फोन आला की वैतागू नका, ‘तुम्हीच टाका की काहीतरी’ असं तर अजिबात म्हणू नका. आणि महिना अक्षरातच लिहा, ५/७ लिहिलं की आपला ५ जुलै असतो आणि अमेरिकेतल्या माणसाचा ७ मे.

एकदा आम्हीच विचारलं नव्हतं, तेही सांगतो. एका सोसायटीचं आणि पाण्याच्या फिल्टरवाल्याचं मेंटेनन्सचं ॲग्रीमेंट होतं, त्यात ‘बाय-मंथली सर्व्हिस’ असं लिहून आलं, आम्ही तसंच टाईप करून दिलं. फिल्टरवाल्याच्या मते दोन महिन्यांतनं एकदा, म्हणजे वर्षाला ६ फेऱ्या. सोसायटीच्या मते महिन्यातनं दोनदा, म्हणजे २४. आणि गंमत अशी की डिक्शनरीत दोन्ही अर्थ आहेत! रिझर्व्ह बँक आपल्या पतधोरणाला बाय-मंथली म्हणते ते दर दोन महिन्यांनी या अर्थाने, पण सोसायटीच्या सेक्रेटरींना ते कोण समजावणार. भांडण मिटलं शेवटी, नवीन कागद आम्ही फुकट करून दिला, आणि तेव्हापासून तो शब्द आमच्या दुकानात बंद आहे. ‘वन्स एव्हरी टू मंथ्स’ लिहायचं. शब्द जास्त लागतात, लागू देत. थोडक्यात लिहायचं म्हणजे नुसते शब्द मोजायचे असं नाहीये ते.

लिव्ह अँड लायसन्सच्या ड्राफ्टचंही तसंच. लोक नेटवरून उचलून आणतात, त्यात वर लायसेन्सी, खाली टेनंट, पुढच्या पानावर ऑक्युपंट, माणूस एकच. शाळेत बाईंनी सांगितलेलं असतं की एकच शब्द सारखा वापरू नये, वाचायला बरं दिसत नाही. निबंधात ठीक आहे. करारात एकाला तीन नावं दिली की उद्या कुणीतरी उठून म्हणणार ही तीन वेगळी माणसं आहेत. त्यातनं टेनंट म्हणजे भाडेकरू, त्याला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आलं, लायसेन्सीला तसं नाही, म्हणून तर लोक भाडेपट्टा न करता लिव्ह अँड लायसन्स करतात ना. तिथं आम्ही ‘लायसेन्सी’ वीस वेळा लिहू, कंटाळवाणं दिसलं तरी चालेल. (कायद्याचं वकिलांना विचारा, आम्ही भाषेपुरते.)

आता ‘प्लीज डू द नीडफुल’. हे चूक आहे असं बरेच जण सांगतात, आमचं तसं मत नाही, जुनं इंग्रजीच आहे ते. प्रॉब्लेम एवढाच की नीडफुल म्हणजे काय ते समोरच्याने ओळखायचं. गळकी पाईप बदलून पाहिजे का पैसे परत पाहिजेत? ते लिहा. ‘प्रीपोन’ (म्हणजे ठरलेली तारीख अलीकडे आणणं) आपल्या देशात बिनधास्त वापरा, झकास शब्द आहे, मँचेस्टरला पाठवताना मात्र आम्ही बदलू. आणि बायोडेटात ‘आय पास्ड आउट इन २०१९’ असलं तर ते आम्ही न विचारता बदलणारच, कारण तिकडं त्याचा पहिला अर्थ चक्कर येऊन पडलो असा होतो.

काही ठिकाणी तर लांब लिहायची सोयच नाही. ब्रिटनमधल्या डिग्रीला यूकॅसमधून (तिकडचे कॉलेजप्रवेशाचे अर्ज घेणारी संस्था) अर्ज करणाऱ्या मुलांना पर्सनल स्टेटमेंटसाठी, म्हणजे स्वतःबद्दल लिहायच्या मजकुरासाठी, स्पेस धरून ४००० कॅरेक्टर्स मिळतात. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केलेत, प्रत्येकाला कमीत कमी ३५०, एकूण मर्यादा तीच. आणि मुलं सुरुवात करतात, ‘एव्हर सिन्स आय वॉज अ चाइल्ड, आय हॅव बीन पॅशनेट अबाउट कंप्युटर्स.’ इंग्रजी स्पेलिंगात मोजून ६५ कॅरेक्टर्स गेली आणि पोराबद्दल काही कळलं नाही. असंच एकाला विचारलं, अरे पण तू केलंस काय? तर म्हणे पप्पांच्या दुकानाची उधारीची वही एक्सेलमधे घातली, आता कुणाचे पैसे किती दिवस थकलेत ते लाल रंगात दिसतं. मग हे लिही की बाबा! स्टेटमेंट आम्ही लिहून देत नाही, कुणी कितीही पैसे दिले तरी, यूकॅसवाले दुसऱ्याशी मजकूर जुळतो का ते तपासतात. तुम्ही लिहायचं, आम्ही कापायचं.

आरटीआयला, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाला, महाराष्ट्राच्या नियमात साधारण १५० शब्द आणि एकच विषय, केंद्राच्या ऑफिसला ५००. आमच्याकडे येतात ती तीन पानं, त्यातली अडीच पानं तलाठ्यावरचा राग. राग रास्त असेल, पण अर्जात मागायचा तो कागद, कुठला, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. आणि खरं सांगायचं तर हा अर्ज मराठीतच करा, कायद्याने चालतो, आमच्याकडे यायची गरज नाही.

हल्ली चॅटजीपीटीवरनं काढलेलं पण येतं, ‘आय होप दिस ईमेल फाइंड्स यू वेल’ने सुरू होणारं. घेऊन या, आमची ना नाही, पण त्याला तुमचा ट्रक कधी निघणार ते माहीत नसतं, त्यामुळे फोन येणारच.

सांत्वनाच्या पत्राला आम्ही कात्री लावत नाही. फक्त स्पेलिंग बघतो, त्याचे पैसेही घेत नाही.

येताना मजकूर व्हॉट्सॲपवर वर्ड फाईलमधे टाका, फोटो नको, हाताने लिहिलेला असेल तर कागदच आणा. आणि इंग्रजी येत नसेल तर मराठीत लिहा, खरंतर ते आम्हाला जास्त बरं पडतं, मराठीत माणूस सरळ मुद्द्यावर येतो. कुणाला पाठवायचंय, काय पाहिजे आणि कधीपर्यंत, एवढं वरती लिहून ठेवा. फोन चालू ठेवा.