पोस्टकार्डाच्या पाठीवरची रेघ

जुन्या चित्रपोस्टकार्डांचा संग्रह करणारा माणूस कार्ड हाती आले की चित्राकडे क्षणभर पाहतो आणि लगेच ते उलटे करतो. पाठीच्या मधोमध उभी छापील रेघ आहे की नाही, हे त्याला आधी पाहायचे असते. रेघ नसेल तर कार्ड बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे किंवा विसाव्याच्या अगदी आरंभीच्या वर्षांतले, आणि असेल तर त्यानंतरचे. काळ ओळखण्याची ही खूण संग्राहकांच्या रोजच्या उपयोगाची आहे, परंतु मला ती निराळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. त्या रेघेमुळे पत्र लिहिणाऱ्याला स्वतःचे बोलणे लिहायला पाच-सात ओळींची हक्काची जागा मिळाली, आणि जुन्या चित्रकार्डांवर जिव्हाळ्याचे, प्रेमाचे जे शब्द आज वाचायला मिळतात ते बहुतांशी त्याच जागेत आहेत. म्हणून या छंदाची पार्श्वभूमी सांगायची तर ती टपालखात्याच्या नियमांपासूनच सांगावी लागते.

पाकिटाशिवाय, उघड्यावर पाठवायचे पत्र ही कल्पना प्रथम टपालखात्यालाच रुचली नव्हती. प्रशियाचे टपाल अधिकारी हाइनरिश फॉन श्टेफान यांनी १८६५ मध्ये ती मांडली, तेव्हा खासगी मजकूर असा चारचौघांच्या नजरेसमोरून जाणे प्रशस्त नव्हे, असा सूर निघाला आणि सूचना बाजूला पडली. पुढे ऑस्ट्रियातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक इमान्युएल हेरमान यांनी १८६९ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात लेख लिहून तीच कल्पना खर्चाच्या बाजूने पटवून दिली. दोन ओळींच्या निरोपासाठी कागद, पाकीट आणि पूर्ण दराचे तिकीट कशाला, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीत जगातले पहिले अधिकृत पोस्टकार्ड विक्रीला आले. त्याची किंमत दोन क्रॉइत्सर होती. बरोबर एका वर्षाने, १ ऑक्टोबर १८७० रोजी, ब्रिटनमध्ये अर्ध्या पेनीचे कार्ड निघाले. नोकरचाकर आपली पत्रे वाचतील, ही भीती तेथील प्रतिष्ठित घरांतून बोलून दाखवली जात होती, तरीही पहिल्याच वर्षात कोट्यवधी कार्डे टपालात पडली.

हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले ते १ जुलै १८७९ रोजी. लंडनच्या दे ला रू या छापखान्यात छापलेल्या त्या तांबूस कार्डावर राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा होता आणि किंमत होती पाव आणा, म्हणजे साध्या पत्राच्या निम्मी. या बाजूस फक्त पत्ता लिहावा, अशी इंग्रजीत छापील ताकीदही त्या कार्डावर होती. पाव आण्यात देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निरोप जाऊ लागल्यावर ज्यांच्या घरी पूर्वी वर्षात एखादे पत्र येत असे, त्यांच्या घरीही टपालवाल्याचा पाय लागू लागला.

मराठी घरांत हे कार्ड फार लवकर रुळले. ‘पोचल्यावर कार्ड टाक’ हे वाक्य निरोप देताना सहज तोंडी येऊ लागले. मुंबईत गिरण्यांत किंवा पेढ्यांवर कामाला लागलेला कोकणातला चाकरमानी गिरगाव-परळच्या खोलीतून महिन्याकाठी कार्ड पाठवी आणि गावी ते शाळामास्तर, पोस्टमन किंवा घरातला शिकलेला मुलगा ओटीवर बसून सर्वांना ऐकू जाईल असे वाचून दाखवी. कार्डावर दोन्हीकडची गोष्ट उघडी असल्यामुळे त्याच्या भाषेला आपोआप एक शिस्त आली. शुभवार्ता असेल तर कोपऱ्याला हळदकुंकवाचे बोट लागे, मृत्यूची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि असे फाटके कार्ड न वाचताच घरात रडारड सुरू होई. मजकुराची सुरुवात ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ने आणि शेवट ‘लोभ असावा’ने करायचा, मधली जागा भातशेती, दुखणीबाणी आणि पाठवलेल्या पैशांची पोच यांनी भरायची. बायकोला स्वतंत्र पत्र लिहिणे हे वडीलधाऱ्यांच्या देखत धीटपणाचे समजले जात असे. तिच्यासाठी काही म्हणायचेच झाले तर ते ‘घरातील सर्वांस’ या दोन शब्दांत बसवावे लागे. तिला लिहिता येत असले, तरी नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही आणि ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ही म्हणायचे नाही, म्हणून ‘तिकडची प्रकृती’ कशी आहे एवढेच ती विचारी. ज्यांना आपल्या मराठी संसारांतल्या प्रेमाचा इतिहास शोधायचा असेल त्यांनी हा ‘तिकडची’ शब्द जपून वाचावा, कारण एवढ्याशा शब्दावर तिने केवढा भार टाकलेला असतो, हे ती पत्रे ओळीने वाचल्यावर ध्यानात येते.

चित्र कार्डावर आले ते हळूहळू आणि वेगवेगळ्या ठिकाणी. जर्मनभाषक प्रदेशांत पर्यटनस्थळांची चित्रे आणि ‘अमुक गावाहून नमस्कार’ असा मजकूर छापलेली कार्डे १८८० च्या दशकापासून खपू लागली होती. पॅरिसच्या १८८९ च्या प्रदर्शनात आयफेल मनोऱ्याचे चित्र असलेले कार्ड विकले गेले आणि मनोरा चढून गेलेल्यांनी ते तिथूनच घरी धाडले. ब्रिटनने खासगी छापखान्यांना चित्रकार्डे काढायची मुभा १८९४ मध्ये दिली, अमेरिकेने १८९८ मध्ये. मात्र पाठीमागची पूर्ण बाजू पत्त्यासाठी राखून ठेवण्याचा नियम बहुतेक देशांत कायम होता. त्यामुळे लिहिणाऱ्याला चित्राच्याच बाजूला, कडेच्या पांढऱ्या पट्टीत किंवा चित्रातल्या आभाळावर आणि समुद्रावर लिहावे लागे. या काळातली कार्डे पाहताना डोळ्यांना थोडी सवय करावी लागते: देवळाच्या शिखराभोवती वळसा घालून गेलेली एखादी ओळ सुरू कुठे झाली, हे शोधण्यासाठी कार्ड हातात फिरवावे लागते.

ब्रिटनने १९०२ मध्ये पाठीचे दोन भाग करायला परवानगी दिली, उजवीकडे पत्ता आणि डावीकडे मजकूर. पुढच्या काही वर्षांत फ्रान्स आणि जर्मनीने तसेच केले, आणि १९०७ मध्ये अमेरिकेनेही. चित्राला संपूर्ण एक बाजू मोकळी झाली आणि पहिल्या महायुद्धापर्यंतची दहा-बारा वर्षे चित्रपोस्टकार्डांचा सुवर्णकाळ ठरला. रंगीत छपाईत जर्मन छापखाने सर्वांत पुढे होते. मुंबईत क्लिफ्टन अँड कंपनी आणि कलकत्त्यात जॉन्स्टन अँड हॉफमन यांसारख्या छायाचित्रकारांच्या पेढ्यांनी इथल्या रस्त्यांची, बंदरांची, देवळांची आणि माणसांची कार्डे काढली. कोल्हापूरहून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकायला आलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोस्टकार्डांसाठी केलेली चित्रे आज संग्राहक आवर्जून शोधतात. त्यांच्या कार्डांवर मुंबईच्या रस्त्यावरची माणसे आहेत, कामाला निघालेल्या आणि नऊवारीचा काष्टा चापून नेसलेल्या बाया आहेत, आणि त्या चित्रातल्या बायकांची नजर बघणाऱ्याला थेट भिडते. गोऱ्या साहेबाने ‘देशी नमुना’ म्हणून टिपलेल्या छायाचित्रांत ही ओळख क्वचितच दिसते, आणि मी स्वतः धुरंधरांच्या कार्डांना त्या सर्वांच्या वर ठेवतो ते याच कारणासाठी.

राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला शिळाप्रेस पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. तिथल्या चित्रांचीही पोस्टकार्डे निघाली. हंसाकडून नळाची वार्ता ऐकणारी दमयंती आणि दुष्यंताला कमळपानावर पत्र लिहिणारी शकुंतला ही त्यांची चित्रे भिंतीवर लागली, तेव्हा प्रेमपत्र लिहिणाऱ्या स्त्रीचे चित्र घरात लावायला कोणाची हरकत नव्हती. घरातल्या सुनेने तसे पत्र लिहिणे तेवढे मान्य नव्हते.

युरोपात उघड्या कार्डावर प्रेम लिहिण्याच्या नाना युक्त्या निघाल्या. फ्रान्समध्ये शिष्टाचाराचे पाच शब्दांपर्यंतचे कार्ड दहाऐवजी पाच सेंटिममध्ये जाई, त्यामुळे अनेकांनी सारे काही पाच शब्दांत मांडायचे कसब मिळवले. स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे बसलेली जोडपी, हातात गुलाब, गालांवर हाताने चढवलेला गुलाबी रंग, अशा कार्डांच्या मालिका निघत. एका मालिकेतली पाच-सहा कार्डे लागोपाठ पाठवून त्यांतून गोष्ट पुरी करायची पद्धत होती. नान्सीच्या बर्जरे यांच्या छापखान्याने अशी कार्डे प्रचंड संख्येने काढली. इंग्लंडमध्ये होमफर्थच्या बॅमफोर्थ कंपनीने भावगीतांच्या कडव्यांसोबत चित्रे छापली. काही जण आरशात धरल्यावरच वाचता येईल असे उलटे लिहीत, काही जण लघुलिपीत किंवा दोघांनाच ठाऊक असलेल्या आकड्यांत. आणि तिकिटांची भाषा तर छापील कार्डांवरच शिकवली जाई: तिकीट डावीकडे कलते लावले तर एक अर्थ, उलटे लावले तर दुसरा. इथे नव्या संग्राहकाने सावध राहावे. एका कार्डावरचा तक्ता दुसऱ्याशी जुळत नाही, आणि घाईत वाकडे लागलेले प्रत्येक तिकीट म्हणजे चुंबन, असे धरून चालल्यास नुसत्या कामकाजाच्या कार्डांवरही प्रेम दिसू लागेल. त्याच दोन नावांची, त्याच पत्त्यांची चार-पाच कार्डे एकत्र मिळाली आणि तिकिटाची तऱ्हा सर्वांवर तीच असली, तरच तो संकेत मानावा.

पहिल्या महायुद्धात या कार्डांचे रूप पालटले. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या स्त्रियांनी पातळ रेशमी जाळीवर फुले, झेंडे आणि ‘माझ्या प्रियेस’ यांसारखे शब्द भरून काढले. ते तुकडे कार्डाच्या चौकटीत बसवून सैनिकांना विकले जात. नाजूक असल्यामुळे ती बहुधा पाकिटातून जात, म्हणून त्यांची पाठ पुष्कळदा तिकिटाविना आणि शिक्क्याविना सापडते. काही कार्डांत रेशमाचाच छोटा खिसा असतो आणि त्यात बोटभर आकाराची दुसरी चिठ्ठी घालायची सोय असते. असा खिसा उघडताना हात आपोआप सावकाश होतो. हिंदुस्थानी सैनिकही याच आघाडीवर होते, आणि त्यांची पत्रे तपासण्यासाठी स्वतंत्र सेन्सॉर नेमलेला होता. म्हणजे ओटीवर मोठ्याने वाचल्या जाण्याआधी त्या पत्रावरून एका अनोळखी अधिकाऱ्याची नजर फिरून गेलेली असे.

युद्धाने जर्मन छापखान्यांची बाजारपेठ तोडली, ब्रिटनमध्ये १९१८ साली कार्डाचा दर अर्ध्या पेनीवरून एक पेनी झाला, हिंदुस्थानात १९२२ मध्ये पाव आण्याचा अर्धा आणा झाला, आणि टेलिफोनने उरलेले काम केले. त्या काळी घरोघरी असलेले पोस्टकार्डांचे आल्बम माळ्यावर गेले. त्यानंतर काही दशके या कार्डांना कोणी वाली नव्हता. तिकिटे जमवणाऱ्यांनी कितीतरी कार्डांचे कोपरे कापून घेतले आणि पाठीवरचा मजकूर रद्दीत टाकला. ही हानी भरून येण्यासारखी नाही. पोस्टकार्डांच्या अभ्यासाला आणि संग्रहाला ‘डेल्टिऑलॉजी’ हे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत मिळाले. लिहिण्याच्या छोट्या पाटीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ते घडवलेले आहे.

आपल्याकडे ही कार्डे मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवरच्या दुकानांतून, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, आणि जुने वाडे पाडताना निघणाऱ्या ट्रंकांतून मिळतात. बाजारात कोऱ्या, स्वच्छ कार्डाला जास्त भाव येतो आणि लिहिलेल्या, शिक्का पडलेल्या कार्डाला पुष्कळदा कमी. मला हा हिशोब उलटा वाटतो. कोऱ्या कार्डावर छापखान्याचा इतिहास असतो; लिहिलेल्या कार्डावर तो असतोच, शिवाय गाव, तारीख, हस्ताक्षर आणि दोन माणसांमधले अंतर असते. आधी छापील माहिती नोंदवावी, मग शिक्का वाचावा, मजकूर जसाच्या तसा उतरून घ्यावा आणि कार्ड आम्लविरहित कागदाच्या खिशात ठेवावे. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत शाई सुटते. नावे आणि पत्ते दुसऱ्यांच्या आजीआजोबांचे असतात, तेव्हा ते चारचौघांत दाखवताना झाकावेत हे बरे.

मराठी घरांतल्या कार्डांना संग्राहक ‘खराब’ म्हणतात त्याचे एक कारण म्हणजे त्यांच्या मधोमध असलेले भोक. आलेले पत्र वाचून झाले की ते वाकवलेल्या तारेत ओवून खुंटीला टांगायचे, अशी रीत होती. आमच्या घरच्या ट्रंकेत अर्ध्या आण्याची दोन साधी कार्डे एकत्र बांधलेली मिळाली. पहिले गिरगावहून गावी, मुलाने वडिलांना लिहिलेले. भाताचा भाव, धाकट्याचा ताप, मनीऑर्डरची चौकशी, आणि शेवटी, कुठल्याच गोष्टीशी संबंध नसलेली एक ओळ: लोणच्याच्या बरणीचा दादरा बदलला का. बरणीच्या तोंडावर बांधायच्या त्या फडक्याची वार्ता वडिलांना असण्याचे कारण नाही. ते काम सुनेचे. दुसरे कार्ड त्याचे उत्तर आहे. सारा मजकूर वडिलांच्या मोडी वळणाच्या घट्ट हातचा आणि शेवटच्या ओळीखाली, कडेच्या बोटभर जागेत, पेन्सिलीने काढलेल्या मोठाल्या बाळबोध अक्षरांत एकच शब्द आहे: ‘बदलला’. पहिल्या कार्डाला तारेचे भोक आहे. दुसरे मुंबईच्या खोलीत आले होते आणि त्याला भोक नाही.