क्लच-दुरुस्ती, द्रवचालित (जुन्या स्पोर्ट्स मोटारींची)

पेडलावरचा दाब तारेऐवजी किंवा दांड्यांऐवजी तेलामार्फत क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेची डागडुजी. ही यंत्रणा ब्रेकच्या धर्तीवर आली. द्रवचालित ब्रेक १९२० च्या दशकात मोटारींवर दिसू लागले. स्पोर्ट्स मोटारींत असा क्लच रुळला तो साधारणपणे १९५० च्या दशकात. १९५५ मध्ये आलेल्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीत ब्रेक आणि क्लच यांचे मास्टर सिलिंडर (पेडलाचा दाब तेलाला देणारे) एकाच ओतीव घडणीत होते. तिच्यानंतरच्या एमजीबीत (१९६२–८०) ते वेगळे झाले.

पेडल तळाला जाते, गिअर करकरतो आणि दोन-तीनदा पेडल मारल्यावरच क्लच सुटतो, ही नेहमीची तक्रार. मास्टर सिलिंडर गळत असेल तर तेल पेडलावरून ओघळते आणि वाटेतला रंग सोलते. स्लेव्ह सिलिंडरची (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या, दुसऱ्या टोकाच्या सिलिंडरची) गळती त्यावरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, उचलल्यावर कळते. मात्र दोष दरवेळी तेलाचाच नसतो. पेडल व मास्टर सिलिंडरची ढकलदांडी जोडणारी पिन झिजून भोक लांबट होते; तिथली मिलिमीटरभर ढिलाई पायाखाली कितीतरी पट होऊन जाणवते आणि चांगला सिलिंडर नाहक उतरवला जातो. लवचिक नळी आतून फुगली, तर तेल जाते पण चटकन परतत नाही, आणि क्लच घसरतो.

सिलिंडर खोलल्यावर नखाने आतली भिंत तपासतात. डाग होनिंगने (बारीक घासदगडांनी आतून घासून) निघतो. खड्डा नखाला लागत असेल, तर तेल अडवणारा नवा रबरी कप फार दिवस टिकत नाही. अशा वेळी भोक मोठे करून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (आतली नळी) बसवतात. मूळ ओतीव भाग त्यामुळे वाचतो.

तेलाबाबत दोन मते आहेत. ग्लायकॉलयुक्त डॉट ४ (‘डॉट’ हे ब्रेक-तेलाचे अमेरिकी दर्जे) हवेतली ओल शोषते; कोरड्या स्थितीत किमान २३०° से. असलेला त्याचा उत्कलनबिंदू ओल शिरल्यावर १५५° पर्यंत उतरू शकतो. सिलिकोनचे डॉट ५ ओल शोषत नाही, रंगही खात नाही. पण त्यात बुडबुडे टिकून राहतात आणि शिरलेले पाणी खोलगट जागी साचून तिथेच गंज धरते. दोन्ही एकत्र चालत नाहीत. क्लचचे तेल ब्रेकइतके तापत नसल्याने येथे उत्कलनबिंदूपेक्षा गंजाचा मुद्दा महत्त्वाचा. म्हणून मोटार क्वचितच रस्त्यावर येत असेल तर सिलिकोनचा पक्ष सबळ वाटतो. नियमित चालणाऱ्या मोटारीला डॉट ४ आणि ते दर एक-दोन वर्षांनी बदलणे, हे पुरते. (डॉट ५.१ हे नावाने जवळचे असले, तरी ग्लायकॉलचेच आहे.)

शेवटी हवा काढतात. नळीच्या उंच वळणात अडकलेली हवा पेडल मारून हटत नाही. तेव्हा स्लेव्हच्या निपलमधून (हवा काढण्याच्या तोटीतून) तेल उलटे वर चढवतात. बुडबुडे मुळात वरच जाऊ पाहतात, त्यामुळे ही रीत सोपी पडते. मास्टर सिलिंडरची तेलाची टाकी आधी अर्धी रिकामी करावी, नाहीतर तेल रंगावर सांडते.

एमजीबी आणि जॅग्वार ई-टाइप यांतील ग्राफाइटचे रिलीज बेअरिंग (क्लचवर दाबून तो सोडवणारा भाग) झिजले असेल, तर मात्र इंजिनच उतरवावे लागते.