चीनमधील विद्युत वाहन उद्योग

चीनमधील विद्युत वाहन उद्योग : पूर्णपणे बॅटरीवर, किंवा बॅटरी व पेट्रोल इंजिन या दोहोंवर चालणाऱ्या आणि बाहेरून चार्ज करता येणाऱ्या मोटारी, बस व मालवाहू वाहने, तसेच त्यांच्या बॅटऱ्या व सुटे भाग तयार करणारा उद्योग. चिनी सरकारी आकडेवारीत या सर्व वाहनांची गणना ‘नवऊर्जा वाहने’ या एकाच सदराखाली होते. त्यामुळे चीनच्या विक्रीच्या आकड्यांत प्लग-इन हायब्रिड, म्हणजे बॅटरीबरोबर पेट्रोल इंजिनही असलेल्या, गाड्याही धरलेल्या असतात, हे ध्यानात ठेवावे लागते. २०२४ मध्ये चिनी कारखान्यांतून निर्यातीसह अशी सुमारे १ कोटी २८ लाख वाहने विकली गेली. एकूण वाहनविक्रीत त्यांचा वाटा ४०.९ टक्के होता; २०२० मध्ये तो जेमतेम ५ टक्के होता.

या उद्योगाचे वर्णन बहुधा मोटार कंपन्यांच्या अंगाने केले जाते. प्रत्यक्षात त्याचा पाया बॅटरीचा आहे. गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा हिस्सा बॅटरीचा असतो आणि तो चीनने आधी हस्तगत केला. मोटारी मागाहून आल्या.

आरंभ : १९८४ मध्ये फोक्सवॅगनने शांघायमध्ये भागीदारीत कारखाना काढण्याचा करार केला. परदेशी कंपनीने चिनी भागीदार घ्यावा आणि तिच्या सहवासात चिनी कंपन्यांनी तंत्रज्ञान शिकावे, ही त्यामागची अपेक्षा होती. गाड्या भरपूर निघाल्या, पण इंजिन आणि गिअरबॉक्स यांतली जर्मन-जपानी आघाडी तशीच राहिली. जर्मनीत आउडी कंपनीत काम केलेले अभियंते वान गांग यांचे म्हणणे असे, की पेट्रोल इंजिनाच्या शर्यतीत चीनला बरोबरी साधता येणार नाही; विजेच्या गाडीत मात्र सगळेच नवखे आहेत. तेलाची वाढती आयात आणि शहरांतले धुरके यांमुळे हे म्हणणे पटण्याजोगे होते. २००१ पासून सरकारी संशोधन कार्यक्रमात विद्युत वाहनांना स्थान मिळाले. २००७ मध्ये वान गांग विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री झाले. कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नसलेल्या माणसाला असे पद मिळणे चीनमध्ये विरळा.

२००९ मध्ये ‘दहा शहरे, हजार गाड्या’ ही योजना आली. सरकारने सुरुवात बस, टॅक्सी आणि पालिकांच्या गाड्यांपासून केली, म्हणजे जिथे गिऱ्हाईक सरकारच होते. २०१७ अखेर शेन्झेन शहरातल्या सर्व, म्हणजे १६ हजारांहून अधिक बस विजेवर धावू लागल्या होत्या. खाजगी खरेदीदाराला अनुदान आणि करमाफी मिळाली, पण मोठ्या शहरांत त्याहून प्रभावी ठरली ती नंबरप्लेट. शांघायमध्ये पेट्रोल गाडीची नंबरप्लेट लिलावात घ्यावी लागते आणि तिची बोली ९० हजार युआनच्या आसपास जाते. विजेच्या गाडीला हिरवी प्लेट फुकट मिळे. २०२० मध्ये वुलिंग कंपनीची छोटी होंगग्वांग मिनी गाडी २८,८०० युआनला बाजारात आली. म्हणजे पेट्रोल गाडीच्या नुसत्या प्लेटच्या पैशांत अशा तीन गाड्या येत होत्या.

अनुदानात गैरव्यवहारही झाले. न बनवलेल्या किंवा बॅटरीच नसलेल्या वाहनांवर पैसे उचलल्याचे उघड झाल्यावर २०१६ मध्ये अर्थ मंत्रालयाने काही बस कंपन्यांची नावे जाहीर केली. अमेरिकेतील सीएसआयएस या अभ्याससंस्थेच्या अंदाजानुसार २००९ ते २०२३ या काळात या उद्योगाला मिळालेली सरकारी मदत सुमारे २३० अब्ज डॉलर होती. राष्ट्रीय खरेदी अनुदान २०२२ अखेर बंद झाले. त्यानंतरही विक्री वाढतच राहिली, आणि या धोरणाचे यश मोजायचे तर ते इथे मोजावे.

बॅटरी : वांग च्वानफू यांनी १९९५ मध्ये शेन्झेन येथे बीवायडी ही कंपनी काढली, ती मोबाइल आणि इतर उपकरणांच्या बॅटऱ्यांसाठी. जपानी कंपन्यांची महागडी स्वयंचलित यंत्रे परवडणारी नव्हती. वांग यांनी कामाचे बारीक तुकडे पाडले आणि साधी साधने हाती देऊन ते मोठ्या संख्येने कामगारांकडून करवून घेतले. २००३ मध्ये त्यांनी एक तोट्यातली मोटार कंपनी विकत घेतली. २००८ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने बीवायडीत गुंतवणूक केली. निंग्दे या फुजियान प्रांतातल्या किनारी शहरात २०११ मध्ये स्थापन झालेली सीएटीएल ही दुसरी महत्त्वाची कंपनी. आज जगातल्या वाहन-बॅटऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक बॅटऱ्या ती एकटी बनवते. २०१५ ते २०१९ या काळात सरकारी यादीतल्या कंपन्यांच्या बॅटरीलाच अनुदान होते आणि त्या यादीत कोरियन कंपन्या नव्हत्या. सीएटीएलच्या वाढीत या आडोशाचा वाटा मोठा आहे.

तंत्रज्ञानाच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी. तिचा शोध अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला. तिला महागडे निकेल-कोबाल्ट लागत नाही, ती सहजी पेट घेत नाही आणि टिकते जास्त. पण तेवढ्याच वजनात तिच्यात वीज कमी मावते, म्हणून इतर देशांतल्या उत्पादकांनी तिला दुय्यम मानले. चिनी अभियंत्यांनी रसायन तेच ठेवून मांडणी बदलली. बीवायडीच्या २०२० मधील ‘ब्लेड’ बॅटरीतला सेल, म्हणजे बॅटरीचा एक सुटा घटक, सुमारे ९६ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटरहूनही कमी जाड असतो. सेल आधी छोट्या डब्यांत आणि ते डबे मोठ्या पेटीत, ही जुनी रीत सोडून हे लांब सेल थेट पेटीत शेजारी-शेजारी उभे रचले जातात. मधली खोकी गेल्याने तेवढ्याच जागेत अधिक सेल बसतात, आणि सेलच पेटीला ताठपणा देतात. लिथियम शुद्ध करण्यापासून इलेक्ट्रोडपर्यंतची बहुतेक प्रक्रियाही चीनमध्येच होते.

स्पर्धा : २०१९ अखेर टेस्लाच्या शांघाय कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. चिनी भागीदाराविना उभा राहिलेला हा पहिला परदेशी मोटार कारखाना. त्याच्याभोवती स्थानिक पुरवठादार तयार झाले आणि ते निओ, एक्सपेंग, ली ऑटो या चिनी मोटार कंपन्यांनाही उपयोगी पडले. २०२५ मध्ये निव्वळ बॅटरीवरच्या गाड्यांच्या वार्षिक विक्रीत बीवायडीने टेस्लाला मागे टाकले. दरम्यान उत्पादनक्षमता मागणीपेक्षा बरीच वाढली होती. २०२३ पासूनच्या किंमतयुद्धात डब्ल्यूएम मोटरसारख्या कंपन्या बुडाल्या. पुरवठादारांची देणी महिनोन्‌महिने थकली. शेवटी जून २०२५ मध्ये मोठ्या कंपन्यांना ती ६० दिवसांत चुकती करण्याची हमी द्यावी लागली. स्वस्त चिनी गाडीच्या किमतीत या छोट्या पुरवठादारांचे अडकलेले पैसेही होते, हे नोंदवणे आवश्यक आहे. देशातली निम्म्याहून अधिक वीज अजून कोळशावर तयार होते, हीसुद्धा या उद्योगाच्या पर्यावरणीय दाव्याची मर्यादा आहे.

परदेशांत : २०२३ मध्ये चीन जपानला मागे टाकून जगातला सर्वांत मोठा मोटार निर्यातदार झाला. या निर्यातीतला मोठा भाग मात्र पेट्रोल गाड्यांचा होता. २०२४ मध्ये निर्यात झालेल्या सुमारे ५८ लाख वाहनांपैकी नवऊर्जा वाहने १३ लाखांच्या आत होती. अमेरिकेने २०२४ मध्ये चिनी विद्युत मोटारींवर १०० टक्के शुल्क लावून दार बंद केले. युरोपीय संघाने चौकशीअंती नेहमीच्या १० टक्क्यांवर कंपनीनिहाय जादा शुल्क बसवले : बीवायडीला १७ टक्के, गीलीला १८.८, एसएआयसीला ३५.३. त्यामुळे कंपन्या बाहेर कारखाने काढू लागल्या. थायलंडमधल्या रायोंगमध्ये बीवायडीचा कारखाना जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. ब्राझीलमध्ये तिने फोर्डची कामासारी येथील जुनी जागा घेतली. तिथे बांधकाम चालू असताना डिसेंबर २०२४ मध्ये कंत्राटदाराकडच्या १६३ चिनी मजुरांची गुलामगिरीसदृश परिस्थितीतून सुटका केल्याचे ब्राझीलच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले. उलट दिशेचा प्रवासही सुरू झाला आहे. फोक्सवॅगनने २०२३ मध्ये एक्सपेंगमध्ये ७० कोटी डॉलर गुंतवण्याचे ठरवले, ते चिनी तंत्रज्ञान मिळावे म्हणून.

भारत व महाराष्ट्र : चीनची ग्रेट वॉल ही मोटार कंपनी जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेणार होती. जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारशी ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करारही झाला. त्याच दिवसांत गलवानचा संघर्ष झाला आणि करार स्थगित राहिला. शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी बंधनकारक झालीच होती. ग्रेट वॉलने २०२२ मध्ये नाद सोडला आणि तो कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. ग्रेट वॉल आली नाही, चिनी तंत्रज्ञान मात्र आले. पुण्यात पीएमपीएमएल या शहर बससेवेच्या ताफ्यात २०१९ पासून आलेल्या ऑलेक्ट्रा या भारतीय कंपनीच्या ई-बस बीवायडीच्या तंत्रज्ञानावर बनलेल्या आहेत. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ मोटारीत बीवायडीचे ब्लेड सेल असतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. मोटरमध्ये लागणाऱ्या या चुंबकांअभावी त्या वर्षी बजाजच्या चेतक या विद्युत स्कूटरचे उत्पादन अडखळले.