दुष्काळाचा हिशेब पंधरा ऑक्टोबरला

धरण कोरडं पडल्याची छायाचित्रं मे महिन्यात छापून येतात, पण तो मे कसा जाणार हे बहुतेक वेळा ऑक्टोबरच्या मध्यालाच ठरलेलं असतं. मोसमी पाऊस परतलेला असतो, नदीचा येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, आटत आलेला असतो आणि पुढच्या पावसापर्यंत धरणात नवं पाणी येण्याची फारशी आशा नसते. महाराष्ट्रात १५ ऑक्टोबरचा पाणीसाठा पायाभूत धरून वर्षाचं नियोजन होतं, ते यामुळेच.

हा हिशेब उलटा मांडायचा असतो. आधी ३१ जुलै धरायचा, कारण जूनचा पाऊस लांबला तरी तोवर पिण्याचं पाणी पुरायला हवं. १५ ऑक्टोबर ते ३१ जुलै हे २९० दिवस होतात. पाच लाख वस्तीच्या शहराला माणशी रोज १०० लिटर द्यायचे तर दिवसाला ५ कोटी लिटर, म्हणजे ०.०५ दलघमी पाणी लागतं (एक दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर, अर्थात १०० कोटी लिटर). २९० दिवसांचे झाले १४.५ दलघमी. जलवाहिनीतली आणि शुद्धीकरणातली २० टक्के घट भरून काढायची तर धरणातून १८ दलघमीच्या आसपास उचलावे लागतात. सगळी शहरं, गावं आणि पाणीयोजना यांची अशी बेरीज करायची, त्यात बाष्पीभवन मिळवायचं आणि ते सगळं साठ्यातून वजा करायचं. उरेल ते उद्योगाचं आणि शेतीचं. शेतीच्या आवर्तनांची (कालव्याला ठरावीक दिवस पाणी सोडण्याच्या पाळ्यांची) संख्या आधी जाहीर करून पिण्याचं पाणी मागाहून शोधायला निघालं, की मार्चमध्ये ओढाताण सुरू होते.

मुळात साठा किती, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. गोदावरीवरच्या, पैठणच्या जायकवाडी धरणाचा एकूण साठा २,९०९ दलघमी, त्यातला उपयुक्त २,१७१ आणि मृतसाठा (नेहमीच्या दारांखाली राहणारं पाणी) ७३८. पण धरणावर मोजली जाते ती पातळी. तिच्यावरून घनमीटर काढायचे तर कोणत्या पातळीला किती पाणी हे सांगणारा धरणाचा क्षमता तक्ता लागतो. नदी दरवर्षी गाळ आणते आणि तो फक्त मृतसाठ्यात जाऊन बसत नाही. पाण्याचा वेग जिथे मंदावतो त्या जलाशयाच्या शेपटाकडच्या भागात, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या जागेतही तो साचतो. तक्ता जुना असेल तर कागदावर पाणी जास्त आणि धरणात कमी, अशी गत होते. भरलेल्या धरणात हा फरक खपून जातो. साठा पाच-दहा टक्क्यांवर आला की तो आठवड्यांच्या भाषेत कळतो. उपग्रहचित्रांवरून वेगवेगळ्या पातळ्यांचं बुडित क्षेत्र मोजून तक्ता सुधारता येतो. दुष्काळाच्या तयारीत या कामाला मी फार वरचं स्थान देईन.

दुसरी मोठी वजाबाकी बाष्पीभवनाची. पूर्ण भरलेलं जायकवाडी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. एकूण साठ्याला या क्षेत्राने भागलं तर सरासरी खोली साडेआठ मीटरही भरत नाही. हंड्यात नव्हे, परातीत पाणी साठवल्यासारखं हे धरण आहे. धरणावरच्या बाष्पीभवन पात्रात उन्हाळ्यात रोज १० मिलिमीटर आणि त्याहून जास्त घट दिसते. जलाशयासाठी तिला साधारण ०.७ ने गुणतात, म्हणजे झाले ७ मिलिमीटर. पाण्याचा पसारा २०० चौरस किलोमीटर उरला असं धरलं तरी दिवसाला १.४ दलघमी, म्हणजे १४० कोटी लिटर पाणी हवेत जातं. माणशी १३५ लिटरच्या शहरी निकषाने हे एक कोटीहून जास्त लोकांचं दिवसाचं पाणी झालं! पाण्यावर रसायनाचा पातळ थर पसरून ही वाफ अडवण्याचे प्रयोग झाले आहेत, पण मोठ्या उघड्या जलाशयावर वारा तो थर फाडून काठाला नेऊन लावतो.

मग पाणी वरच्या, खोल आणि अरुंद धरणांतच ठेवून लागेल तसं खाली का आणू नये? प्रवरेवरचं भंडारदरा, दारणा, गंगापूर, मुळा ही जायकवाडीच्या वरची धरणं आहेत आणि हा सल्ला नेहमी दिला जातो. अडचण वाटेत आहे. एप्रिलमध्ये गोदावरीचं पात्र तापलेलं आणि तळापर्यंत सुकलेलं असतं. वाळू शोषून घेते, वाळूउपशाचे खड्डे आधी भरावे लागतात, काठच्या खालावलेल्या विहिरी पाणी ओढतात, आणि हे सगळं झाल्यावर पुढे सरकेल ते पाणी धरणात पोचतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पात्र ओलं असतं, भूजल वर असतं, ऊन कमी असतं. तेव्हा सोडलेल्या पाण्याचा बराच मोठा हिस्सा पोचतो. म्हणजे लवकर आणलं तर परातीतून वाफ, उशिरा आणलं तर वाळूत जिरणं. दोन्ही आकडे शेजारी मांडूनच निर्णय घ्यावा लागतो, आणि गोदावरीच्या या पट्ट्यात माझा कौल लवकर सोडण्याकडे आहे.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाचाही रोख तोच होता. खरिपाचा वापर धरून १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा निकष त्यात ठरला. २०२३ मध्ये असा ८.६ टीएमसीचा (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), म्हणजे साधारण २४४ दलघमीचा आदेश ऑक्टोबरअखेरीस निघाला आणि वरच्या व खालच्या भागांतल्या वादांमधून वाट काढत पाणी प्रत्यक्षात सुटलं ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. वाद कोणाचा बरोबर, हा वेगळा विषय. पात्र मात्र निकालाची वाट पाहत ओलं राहत नाही.

सोडायचं कसं, यालाही शास्त्र आहे. थोडंथोडं पाणी महिनाभर सोडणं ही सर्वांत महागडी पद्धत. जिरणारं पाणी मुख्यतः किती रुंदीचं पात्र किती दिवस भिजलं यावर अवलंबून असतं. विसर्ग चौपट केला तर पाण्याची खोली आणि वेग वाढतो, भिजलेली रुंदी चौपट होत नाही. म्हणून मोठा विसर्ग, कमी दिवस. ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) विसर्ग एक अहोरात्र चालला की एक टीएमसी होतो, त्यावरून दिवस ठरवता येतात. पाणी सोडण्याआधी वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर प्रत्येक बंधारा आपला वाटा अडवून बसतो. काठावरच्या मोटारींचा वीजपुरवठा त्या दिवसांपुरता बंद ठेवावा लागतो. आणि ठरावीक अंतरांवर विसर्ग मोजायला माणसं लागतात. एका टप्प्यात घट अचानक जास्त दिसली, तर गळती नेमकी कुठे आहे हे त्याच दिवशी कळतं. हंगाम संपल्यावरच्या अहवालात कळून उपयोग नसतो. कालव्यालाही हाच नियम लागू आहे. अर्ध्या क्षमतेने लांबलेलं आवर्तन टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पोचतच नाही.

साठा उपयुक्त पातळीच्या खाली गेला की मृतसाठ्यावर हात टाकावा लागतो. हे पाणी नेहमीच्या विमोचकातून (पाणी सोडण्याच्या दारातून) बाहेर येत नाही, त्याच्या पातळीखाली असतं. तरंगते पंप बसवायचे किंवा खोल भागापासून जॅकवेलपर्यंत (पंप बसवलेल्या विहिरीपर्यंत) चर खणायचा. ही कामं फेब्रुवारीतच हाती घ्यावी लागतात. पाणी हटल्यावर उरलेल्या चिखलात यंत्र उतरत नाही, आणि चर खणताना उठलेला गाळ थेट पंपात येतो. तळाशी प्राणवायू कमी असल्याने गाळातलं लोह आणि मँगनीज पाण्यात उतरतं, शेवाळ वाढतं. तुरटी आणि क्लोरीन दोन्हींची मात्रा वाढवावी लागते, गाळणी लवकर तुंबतात आणि वारंवार उलटी धुवावी लागतात. त्या धुण्यातही पाणी जातं. मृतसाठ्यातला प्रत्येक दलघमी म्हणूनच नळाला जसाच्या तसा मिळत नाही.

शहरात कपात करताना दिवसाआड, मग चार दिवसांआड, मग आठवड्यातून एकदा, अशी सवय झाली आहे. यात वाटतं तितकं पाणी वाचत नाही. रिकाम्या नळात पोकळी तयार होते आणि फुटक्या सांध्यांतून शेजारचं सांडपाणी आत ओढलं जातं. घरोघरी पिंपं भरून ठेवतात, नवं पाणी आलं की जुनं ओततात, आणि उघड्या पिंपात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. दाब कमी ठेवणं आणि गळती शोधणं यांना प्राधान्य हवं, कारण दाब घटला की प्रत्येक छिद्रातून जाणारं पाणीही घटतं. हे सगळं वेळेत झालं नाही तर काय होतं ते लातूरने २०१६ मध्ये पाहिलं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाणी होतं पाच लाख लिटर, म्हणजे माणशी १०० लिटरने पाच हजार लोकांचं एका दिवसाचं.

शेवटची चूक पहिल्या पावसात होते. जूनमध्ये दोन चांगल्या सरी आल्या की कपात उठवण्याची मागणी सुरू होते. पण सुकलेली जमीन आधी स्वतः भिजते, मग नाले वाहतात, मग वरची धरणं भरतात, आणि जायकवाडीसारख्या खालच्या धरणात लक्षणीय येवा यायला कित्येकदा ऑगस्ट उजाडतो. कपात उठवण्यासाठी तारीख नको, पातळी हवी. ती आकड्यात ऑक्टोबरच्याच बैठकीत लिहून ठेवावी, पुढचे तीस-चाळीस दिवस एक थेंबही आला नाही तरी पिण्याचं पाणी पुरेल इतकी.