सागवानाची पेटी आणि ४.८ मिलिमीटर

मी बनवलेल्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो आजीचा होता, अन् त्या फोटोत आजीपेक्षा तिच्या मागच्या दाराची कडी जास्त शार्प आली. कडीवरचा गंज दिसत होता, खिळ्याचं डोकं दिसत होतं, आजीचे डोळे मात्र धुक्यात. मी तर कॅमेऱ्याच्या मागच्या काचेला भिंग लावून, दोन मीटरवरून, बरोब्बर तिच्या पापण्यांवर फोकस केला होता, मग फोकस एक वीत मागे गेला कसा?

हा लार्ज फॉरमॅटचा फिल्म कॅमेरा, म्हणजे जुन्या स्टुडिओत फोटोग्राफर काळं फडकं डोक्यावर घेऊन ज्याच्यात पाहायचा तो. फिल्म रोलमध्ये नाही तर सुट्या शीटमध्ये, ४×५ इंचाची, एका शीटवर एकच फोटो. रोलवाल्या ३५ मिमी कॅमेऱ्याच्या एका फ्रेमपेक्षा ही जागा साधारण १३ पट, म्हणून बारीकसारीक इतकं उतरतं की पाहतच राहावं. समोर लेन्स, मागे घासून दुधी केलेली काच, मधे भाता, लोहाराच्या भात्यासारखाच, फक्त याच्यातून हवा नाही तर उजेड जाते. काचेवर चित्र उलटं दिसतं, फोकस झाला की काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा, होल्डरची झाकणपट्टी ओढायची अन् फोटो घ्यायचा.

आता खरी गोष्ट इथेच आहे. काच काढून तिथे फिल्म आली, तर फिल्म नेमकी त्याच जागी यायला पाहिजे जिथे काचेचा दुधी पृष्ठभाग होता. ४×५ च्या होल्डरमध्ये फिल्म आत साधारण ४.८ मिमी खोल बसते, म्हणून दुधी बाजूही तेवढीच खोल पाहिजे. बाकी पेटी वाकडीतिकडी असली तरी फोटो येतो, हे एक माप चुकलं की सगळं गेलं. माझं माप बरोबर होतं पण काच उलटी बसली होती, खरखरीत बाजू लेन्सकडे पाहिजे ती माझ्याकडे आली. काच २ मिमी जाड, काचेतून जाताना किरण वाकतात म्हणून फरक पूर्ण २ चा नाही तर १.३ मिमीच्या आसपास पडला. तेवढ्यानं १५० मिमीच्या लेन्सचा फोकस दोन मीटरवर २२-२३ सेंटिमीटर मागे जातो. म्हणजे एक वीत. आजीच्या डोळ्यांपासून दाराच्या कडीपर्यंत!

हे समजलं त्या दिवशी मला जो आनंद झाला तो फोटो नीट आला असता तरी झाला नसता.

पेटी आमच्या गावच्या मिस्त्रींनी केली. "भाऊ, हे पेटी कायची हो?" असं विचारत विचारतच त्यांनी रंधा मारला. लाकूड सागवान, एका पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचं, पन्नासेक वर्षं तरी वाळलेलं. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान सगळ्यांना माहीत आहे, पण इंग्रजांच्या काळात उष्ण देशांसाठी जे खास 'ट्रॉपिकल' कॅमेरे निघायचे तेही सागवानाचेच, पितळी पट्ट्या मारलेले, हे फार लोकांना माहीत नाही. कारण साधं आहे, आपल्याकडे मे महिन्यात लाकूड तडकते अन् जुलैत फुगते, सागवान दोन्हीत कमी हलतं. तरी पहिल्या पावसात होल्डर खाचेत अडकला होता, मिस्त्रींनी पटाशीनं अर्धा मिलिमीटर खाच वाढवून दिली तेव्हा सुटला.

दुधी काच मी ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये बनवली. इंजिनचे व्हॉल्व्ह घासायची जी पेस्ट असते ना, तिची बारीकवाली, दोन काचांच्या मधे घेऊन अर्धा तास गोल गोल घासत बसायचं. काचेवर बारीक खड्डे पडतात, उजेड सगळीकडे विखुरतो अन् म्हणून चित्र दिसतं, नाही तर साध्या काचेतून ते आरपार निघून गेलं असतं. भात्याला पडद्याचं ब्लॅकआउट कापड, आत काळं सुती, मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या. रात्री आत मोबाईलचा टॉर्च ठेवून बाहेरून पाहायचं, जिथे चांदणी दिसली तिथे काळा रंग.

सगळं नवीन करायचीही गरज नाही. तालुक्यातल्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर हाफ प्लेट कॅमेरे अजून पडून आहेत, पावणेपाच बाय साडेसहा इंचाच्या काचेच्या प्लेटवाले. त्या मापाची प्लेट आता सहज मिळत नाही, पण मागची पाटी काढून तिथे ४×५ चा होल्डर बसेल अशी नवीन पाटी लावली की कॅमेरा परत जिवंत, त्या पाटीतही तेच ४.८ मिमीचं माप. असे लाकडी कॅमेरे आपल्या देशातही बनायचे, केरळात अलप्पुळ्याला के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात वागीश्वरी कॅमेरा बनवायला घेतला होता. बाहेरच्या देशांत लोक पोलरॉइडचे ११०-बी सारखे घडीचे कॅमेरे बदलतात, त्याची फिल्म बंद झाली पण १२७ मिमीची लेन्स इतकी चांगली की पाठ कापून ४×५ ची पाठ जोडतात.

माझ्या पेटीत लेन्सची पाटी दोन विंग नटवर, म्हणजे हातानं पिळायच्या नटांवर, झुकते, अन् त्याची मजा कपाशीच्या वावरात कळते. नेहमीच्या कॅमेऱ्यात जवळचं बोंड घेतलं की तासाचं, म्हणजे कपाशीच्या ओळीचं, दुसरं टोक अस्पष्ट होते. इथे लेन्स थोडी पुढे झुकवली की पायापासल्या बोंडापासून धुऱ्यापर्यंत अख्खं तास शार्प! फिल्मचं, लेन्सचं अन् जमिनीचं प्रतल, म्हणजे सपाटी, वाढवत नेलं तर तिन्ही एकाच रेषेत भेटली पाहिजेत, एवढाच नियम. ऑस्ट्रियाच्या सैन्यातला कॅप्टन थिओडोर शाइम्पफ्लुग यानं बलूनमधून काढलेले तिरपे फोटो सरळ करायच्या नादात हे मांडलं अन् १९०४ मध्ये पेटंट घेतलं, नियमाला त्याचंच नाव आहे. तशीच लेन्स नुसती वर सरकवली की लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंती मागे कलंडत नाहीत, कॅमेरा मान वर न करता वरचं पाहतो.

आता फिल्म. चांगली शीट फिल्म फार महाग, म्हणून मी एक्स-रेची वापरतो. ८×१० इंचाच्या शीटचे चार तुकडे केले की झालं. एक्स-रेची किरणं आधी कॅसेटमधल्या, म्हणजे फिल्म ठेवायच्या चपट्या डबीतल्या, पडद्यावर पडतात, पडदा हिरवा किंवा निळा चमकतो अन् फिल्म मुख्यतः त्या चमकेनं काळी होते. पडदे दोन्ही बाजूंनी असतात म्हणून फिल्मवर मसालाही, म्हणजे जिलेटिनमधले चांदीचे क्षार, दोन्ही बाजूंनी. हे क्षार मुळात निळा उजेडच ओळखतात, त्यात रंगद्रव्य मिसळून हिरवा ओळखायला लावता येतं हे हर्मान फोगेल यानं १८७३ मध्ये शोधलं, पण एक्स-रेच्या फिल्मला लालचं काम नाही म्हणून लाल ओळखणारं रंगद्रव्य दिलेलंच नसतं. त्यामुळे लाल बल्ब लावून आरामात धुता येते, डोळ्यांसमोर चित्र उमटताना दिसते, मला तर हेच सगळ्यात आवडते.

धुताना उन्हाळा आडवा येतो. डेव्हलपरला, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, २० अंश पाहिजे अन् आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी हाताला चटका देते. गरम पाण्यात जिलेटिन मऊ पडतं, दोन्ही बाजूंनी मसाला असल्यानं जरा कुठे घासलं की ओरखडा. मी रात्री धुतो, बाटल्या माठात बुडवून ठेवतो. कोरडी हवा असली की माठाचं पाणी पाझरून उडत जाते, उडताना उष्णता घेऊन जाते, तरी २० नाही मिळत, मिळेल त्या तापमानाला वेळ कमी करून घेतो. ट्रेच्या तळाला साधी काच टाकली की ओरखडेही थांबतात.

काच सुलटी करून आजीला परत त्याच दारापुढे बसवलं. लाल लुगडं, मोठं कुंकू. यावेळी पापण्या मोजता येतील इतक्या शार्प, कडी मागे अस्पष्ट. फिल्मला लाल दिसत नाही म्हणून कुंकू काळंभोर आलं, लुगडंही. आजीनं प्रिंट लांब धरून पाहिला अन् म्हणाली, "माय वं, कुकू काऊन काळं केलं रे?" मग तिला लाल बल्बखाली घेऊन बसलो अन् सगळं पहिल्यापासून सांगितलं.